सीपॅपचे यंत्र कपाटावर जाऊ नये म्हणून: स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाला कसे समजवावे

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, आणि सीपॅप म्हणजे त्यासाठी रात्री मास्कमधून दाबाने हवा सोडणारे यंत्र. या आजाराच्या रुग्णाला ‘यंत्र रोज लावता ना?’ असे विचारले की उत्तर जवळजवळ ठरलेले असते: ‘हो, लावतो की.’ यंत्रात साठलेली नोंद मात्र पुष्कळदा वेगळेच सांगते. १९९३ साली अमेरिकेत क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत, त्यांना कल्पना न देता, वापराचा वेळ मोजणारी सोय बसवली होती. त्यांपैकी ६० टक्के रुग्ण आपण रोज रात्री यंत्र लावतो असे सांगत होते; पण १०० पैकी ७० दिवस किमान ४ तास वापर एवढी माफक अट लावली, तरी तीत बसणारे निघाले फक्त १६ जण. त्यांना खोटे बोलणारे ठरवण्याचे कारण नाही. अकरा वाजता मास्क लावून झोपल्याची आठवण खरी असते. रात्री दीड वाजता अर्धवट झोपेत तो काढून उशीशेजारी ठेवला, ही आठवणच नसते.

हे मार्गदर्शन अशा रुग्णांशी बोलणाऱ्या सर्वांसाठी आहे: डॉक्टर, परिचारिका, स्लीप लॅबमधील (झोपेची तपासणी करणाऱ्या केंद्रातील) तंत्रज्ञ, घरी येऊन यंत्र बसवून देणारी माणसे, आणि घरातील ती एक व्यक्ती जी रोज रात्री ‘लावलंत का?’ असे विचारते. यंत्र न वापरणाऱ्या रुग्णाला आजाराचे गांभीर्य कळलेले नाही, तेव्हा त्याला आणखी माहिती द्यावी, असा आपला समज असतो. माझा अनुभव असा की बहुतेक रुग्ण अज्ञानामुळे नव्हे, तर पहिल्या आठ-दहा रात्रींत झालेल्या एखाद्या बारीकशा त्रासामुळे यंत्र सोडतात, आणि त्या त्रासाबद्दल त्यांना कोणीही विचारलेले नसते. म्हणून समजावण्याचे काम एका बैठकीत, हातात पत्रक देऊन उरकू नये. ते निदानाच्या दिवसापासून पहिल्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पसरवावे, आणि त्यात आपण बोलण्यापेक्षा रुग्णाला बोलते करण्याला अधिक वेळ द्यावा.

निदान सांगण्याचा दिवस

या आजाराची मोठी अडचण अशी की तो ज्याला असतो त्याला दिसत नाही. दुखत काहीच नसते. तक्रार असते ती शेजारी झोपणाऱ्याची, आणि रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा ‘हिने आणलं म्हणून’. अशा माणसापुढे स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेच्या तपासणीचा, अहवाल वाचून दाखवला तर तो मान डोलावतो आणि घरी जातो. त्याऐवजी आधी त्याची स्वतःची तक्रार शोधून काढावी. रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते, सकाळी डोके जड असते का, कीर्तनात किंवा सभेत बसल्या बसल्या मान खाली जाते का, सिग्नलला गाडी थांबली की डोळा लागतो का, असे साधे प्रश्न विचारावेत. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली यासाठी फार सोयीची आहे: रोजच्या ८ प्रसंगांत पेंग येण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे, आणि २४ पैकी १० च्या वर बेरीज गेली तर ती पेंग नेहमीची नाही असे समजायचे. रुग्णाने ती स्वतःच्या हाताने भरावी, पण शेजारी पत्नीला किंवा मुलाला बसवावे. ‘तुम्ही शून्य काय लिहिलंत? परवा बारशाला खुर्चीवरच झोपला होतात,’ हे वाक्य डॉक्टरांच्या दहा वाक्यांपेक्षा अधिक काम करते. जी तक्रार रुग्णाने स्वतःच्या तोंडाने कबूल केली, ती त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून ठेवावी. पुढे महिनाभराने उपचाराचा उपयोग झाला का, हे तिच्यावरूनच विचारायचे असते.

यानंतर आजार समजावून सांगावा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाचा मार्ग मिटतो. छाती श्वास घेण्याची धडपड करत असते, पण हवा आत जात नाही. असा श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक थांबला की तो एक ॲप्निया मोजतात. रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घोरण्याचा मोठा आवाज करत श्वास सुरू होतो, आणि हे चक्र पुन्हा चालू होते. तासाला श्वासाचे असे पूर्ण किंवा अर्धवट ५ ते १५ अडथळे आले तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र मानतात. अहवालातील आकडा तासाचा असल्यामुळे तो रुग्णाला लहान वाटतो. त्याचा गुणाकार करून द्यावा. ताशी ४२ म्हणजे सात तासांच्या झोपेत जवळजवळ ३०० वेळा. ‘रात्रभरात कोणी तुम्हाला ३०० वेळा हलवून जागं केलं, तर सकाळी कसं वाटेल?’ असे विचारून थांबावे आणि उत्तर त्याला देऊ द्यावे. रुग्णाची आधी परवानगी घेऊन घरच्यांनी पहाटे चारच्या सुमारास मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण केलेले असेल, तर ते याच वेळी दाखवावे. स्वतःचा श्वास थांबलेला आणि शेजारी पत्नी सेकंद मोजत असलेली पाहिली की पुष्कळांचा चेहरा बदलतो.

‘मी काही एवढा जाड नाही, मला कसं होईल?’ हा प्रश्नही येतो. मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत झोपेतील श्वासाचे अडथळे १९.५ टक्के पुरुषांत, आणि त्यासोबत दिवसाची पेंगही असलेला पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत आढळला होता. ही माणसे आजारी म्हणून रुग्णालयात आलेली नव्हती, हे आवर्जून सांगावे.

भीती घालण्याचा मोह मात्र टाळावा. ‘झोपेत हार्ट अटॅक येईल’ हे वाक्य चार रात्री चालते. पाचव्या रात्री मास्क न लावताही सकाळी जाग येते आणि सांगणाऱ्याचे वजन संपते. शिवाय ते आपण समजतो तितके सिद्धही नाही. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ रुग्णांवरील ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत सीपॅपमुळे हृदयाचे पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही; घोरणे, दिवसाची पेंग आणि जगण्याची गुणवत्ता मात्र सुधारली. त्या चाचणीत यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तास इतकाच होता, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणून रुग्णाला तेच आश्वासन द्यावे जे पाळले जाते: पेंग कमी होईल, सकाळ हलकी होईल, रक्तदाब थोडा उतरण्याचा संभव आहे, आणि खोलीत दुसऱ्यालाही झोप लागेल.

‘हा ऑक्सिजन आहे का?’

कोविडनंतर आपल्याकडे मास्क आणि नळी या दोन गोष्टींचा अर्थ बदललेला आहे. ज्या घराने एखादे माणूस बायपॅपवर (मास्कवाटे श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर) असताना गमावले, त्या घरात हे यंत्र आणले की आजी देवापुढे दिवा लावते. हे मनात असते, बोलले जात नाही. तेव्हा आपणच विषय काढावा आणि स्पष्ट सांगावे की या यंत्रात ऑक्सिजनचे नळकांडे नसते, ते श्वास ‘देत’ नाही, आणि ते बंद पडले तर रुग्ण पूर्वी झोपत होता तसाच झोपेल. यंत्र खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने नाकावाटे सोडते, आणि त्या दाबामुळे घसा मिटत नाही. शेती असलेल्या रुग्णाला एक दृष्टान्त लगेच पटतो: पाणी द्यायला वापरतात तो गुंडाळून ठेवायचा चपटा पाइप मोटार बंद असताना मिटलेला असतो, आणि मोटार सुरू झाली की फुगून गोल होतो, घशाचेही तसेच. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय प्रथम मांडला, तेव्हा हवा फेकण्यासाठी त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटार उलटी वापरली होती. ही हकीकत सांगितली की यंत्राची भीती निम्मी होते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

‘याची सवय लागेल का?’ आणि ‘जन्मभर लावायचं का?’ हे पुढचे दोन प्रश्न. पहिल्याचे उत्तर असे की यंत्र न लावल्यास त्याच रात्री घोरणे परत येते ते आजार जागेवर असल्यामुळे, व्यसन लागल्यामुळे नव्हे. दुसऱ्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे: आजार आहे तोवर लावायचे. वजन पुरेसे उतरले तर आजार कमी होऊ शकतो, पण यंत्र थांबवायचे ते पुन्हा स्लीप स्टडी करूनच. हल्ली वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांची चौकशी होते. अमेरिकेत टिर्झेपटाइड या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल व्यक्तींतील मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली आहे. तरी त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांतही रात्री झोपायचे असतेच, एवढे सांगून तो विषय डॉक्टरांकडे सोपवावा.

पहिला मास्क: दिवसा, जागेपणी, हातात

सगळ्यात मोठी चूक इथे होते. यंत्र घरी येते, बसवणारा दहा मिनिटांत बटणे दाखवतो, आणि रुग्ण मास्क पहिल्यांदा लावतो तो थेट रात्री अकरा वाजता, अंधारात, एकटा. मास्कची पहिली ओळख दिवसाउजेडी व्हायला हवी आणि तिला किमान अर्धा तास द्यायला हवा.

प्रथम पट्टे न बांधता मास्क रुग्णाच्या हातात द्यावा आणि त्यानेच तो नाकावर धरावा. तोंड मिटून चार-पाच श्वास घेऊ द्यावेत. मग यंत्र कमी दाबावर सुरू करून, मास्क तसाच हातात धरून श्वास घ्यायला सांगावे. हात स्वतःचा असला की तो केव्हाही दूर करता येतो, आणि ही खात्री असलेला माणूस तो सहसा दूर करत नाही. यानंतर मुद्दाम तोंड उघडायला सांगावे. नाकातून शिरलेली हवा तोंडातून भसकन बाहेर येते आणि पहिल्यांदा माणूस दचकतो. हे दचकणे दवाखान्यात झालेले बरे. रात्री झाले तर ‘जीव गुदमरला’ अशी त्याची नोंद मनात होते.

पट्टे बांधायचे ते आडवे झोपवून आणि हवा सुरू ठेवून, कारण बसलेला आणि झोपलेला चेहरा सारखा नसतो. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. हवा गळते म्हणून पट्टा आवळत जाणे हा सर्वांचा पहिला उपाय असतो आणि बहुधा चुकीचा असतो. आवळल्याने मास्कची कड दुमडते, गळती वाढते आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर व्रण दिसतो. त्याऐवजी मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून, हवा भरू देऊन, पुन्हा टेकवावा. मास्कच्या पुढच्या भागातील बारीक छिद्रे उच्छ्वास बाहेर जाण्यासाठीच असतात, तिथून येणारा वारा ही गळती नाही, हे घरच्यांनाही दाखवावे. वारा तोंडावर येतो म्हणून काळजीपोटी त्यावर चिकटपट्टी लावणारे लोक असतात.

मास्कची निवड करताना चेहरा पाहावा तसे राहणीही पाहावी. भरघोस मिशा असलेल्याला नाकपुड्यांत टेकणारा लहान मास्क बरा पडतो. नाकात चमकी असेल तर मास्कची कड तिच्यावर येते का ते तपासावे. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्याचे माप कवळी काढूनच घ्यावे, नाहीतर गाल आत गेल्यावर मास्क बसत नाही. रात्री डोक्याला आणि चेहऱ्याला तेल लावून झोपणाऱ्यांचा मास्क घसरतो आणि त्याचे सिलिकॉन लवकर खराब होते. तेल संध्याकाळी लावून झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा. तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क पहिल्यांदाच देण्याची घाई करू नये, कारण त्याला पुष्कळदा जास्त दाब लागतो आणि तो टिकवून लावणाऱ्यांचे प्रमाणही कमी दिसते. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणे असतात. रुग्णाला किंवा त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर बसवलेला असेल, तर असा मास्क देऊ नये.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नये: मास्क न काढता नळी कशी सोडवायची, हे रुग्णाकडून डोळे मिटून तीन वेळा करून घ्यावे. वयस्कर आणि मधुमेही माणसे रात्री दोन-तीनदा उठतात. प्रत्येक वेळी सगळे सोडून पुन्हा बांधायचे असेल, तर दुसऱ्या खेपेनंतर मास्क बाजूलाच राहतो.

काहींना मास्क चेहऱ्याजवळ आणला तरी घाबरल्यासारखे होते. अशांना रात्रीची सक्ती करू नये. पहिले दोन-तीन दिवस यंत्र बंद ठेवून, संध्याकाळी मालिका पाहताना मास्क नुसता लावून बसावे. नंतर यंत्र सुरू करून अर्धा तास बसावे. त्यानंतर दुपारची डुलकी मास्कसह घ्यावी. आणि मग रात्र. एखाद्या पायरीवर धडधड वाढली तर खालच्या पायरीवर परत यावे. यात आठ-दहा दिवस गेले तरी ते वाया गेलेले नसतात.

निघण्यापूर्वी ‘समजलं ना?’ असे विचारू नये. त्याला ‘हो’ याशिवाय उत्तर नसते. त्याऐवजी ‘काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काकूंना हे कसं सांगाल, ते एकदा मला सांगून दाखवा,’ असे म्हणावे. काका सांगू लागले की कोणती कडी निसटली ते लगेच कळते, आणि परीक्षा काकांची न होता आपली झालेली असते.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात वापराचा जो नमुना पडतो तो पुढे टिकण्याकडे कल असतो, म्हणून महिन्याने बोलावण्याआधी तिसऱ्या दिवशी फोन करावा. फोनवरचा प्रश्न ‘लावता ना?’ असा नसावा. ‘काल रात्री मास्क किती वाजता निघाला, आणि कशामुळे?’ असा असावा. मास्क निघणारच, हे गृहीत धरलेल्या या प्रश्नाला खरे उत्तर मिळते.

‘हवा पुरत नाही’ आणि ‘हवा फार येते’ या दोन्ही तक्रारी एकाच यंत्राबद्दल येतात. झोप लागेपर्यंत दाब हळूहळू वाढवणारी रॅम्पची सोय बहुतेक यंत्रांत असते, पण सुरुवातीचा दाब अगदी ४ वर (सेंटिमीटर पाणी या मापात) ठेवला तर अंगाने मोठ्या माणसाला गुदमरल्यासारखे वाटते. अशा वेळी तंत्रज्ञाने सुरुवातीचा दाब थोडा वाढवावा. हवा फार वाटत असेल, तर उच्छ्वासाच्या वेळी दाब उतरवण्याची सोय सुरू करावी. नाक कोरडे पडत असेल किंवा चोंदत असेल, तर ह्युमिडिफायरची (यंत्रातील हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीची) ओल वाढवावी, झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे वापरावा, आणि त्याने भागले नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नाक दाखवावे. सकाळी तोंड वाळलेले असते याचा अर्थ रात्री तोंड उघडे राहते. हनुवटीचा पट्टा देण्याआधी नाक मोकळे आहे का ते पाहावे. डोळे चुरचुरत असतील तर मास्कच्या वरच्या कडेतून गळणारी हवा डोळ्यांत जात आहे. पोट फुगून ढेकर येत असतील तर हवा गिळली जात आहे, आणि त्यासाठी दाबाचा फेरविचार डॉक्टरांनी करावा. थंडीत किंवा एसीच्या खोलीत नळीत पाणी साचून गुडगुड होत असेल, तर यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवावे आणि नळी पांघरुणाखालून घ्यावी.

खोलीकडेही लक्ष द्यावे. यंत्र खोलीतलीच हवा ओढते, त्यामुळे डास घालवायची कॉइल किंवा उदबत्ती शेजारी जळत असेल तर तिचा धूर थेट नाकात जातो, आणि रुग्ण म्हणतो की यंत्राला जळका वास येतो. मच्छरदाणी लावत असाल तर यंत्र बाहेर ठेवून फक्त नळी आत घ्यावी, आणि जाळीचे कापड हवेच्या तोंडावर येऊ देऊ नये.

‘निम्मी रात्र तर लावतो’ असे समाधान मानणाऱ्याला एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात, आणि अनेकांचे सर्वांत लांब ॲप्निया त्याच वेळी होतात. तीन वाजता मास्क काढून ठेवणारा सर्वांत वाईट तास उघडे टाकतो. म्हणून लघवीला उठल्यावर परत लावणे, जाग आली आणि मास्क बाजूला सापडला तर स्वतःवर न चिडता पुन्हा लावणे, हीच पहिल्या आठवड्याची शिकवण ठेवावी.

आकडे रुग्णाच्या हाती द्यावेत

यंत्राच्या पडद्यावर किंवा मोबाइलच्या ॲपवर तीन आकडे पाहायला शिकवावे: किती तास लावले, गळती किती झाली, आणि यंत्र लावूनही तासाला किती अडथळे उरले. उरलेले अडथळे ५ च्या खाली असले तर उपचार नीट चालला आहे. तासांच्या बाबतीत ‘चार तास पुरे’ अशी एक समजूत रूढ आहे. ७० टक्के रात्री किमान ४ तास ही अट अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने यंत्राचे पैसे चालू ठेवण्यासाठी घातलेली आहे. शरीराला तेवढे पुरते असा तिचा अर्थ नाही. २००७ साली टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्वतःला जाणवणारी पेंग सुधारायला सुमारे ४ तास, चाचणीत मोजलेली पेंग सुधारायला ६ तास, आणि दिवसाची कामे पूर्ववत व्हायला साडेसात तासांपर्यंत वापर लागतो. म्हणजे झोप तेवढा मास्क, असे साधे गणित रुग्णाला द्यावे.

हे आकडे दरडावण्यासाठी वापरले की रुग्ण यंत्र उशीवर चालू ठेवून झोपतो. असे घडलेले मी पाहिले आहे, आणि त्या रात्रीचा गळतीचा आकडा फार बोलका असतो. ॲप न वापरणाऱ्यांसाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. दुधाचा हिशेब जिथे लिहिला जातो त्याच चौकटीत रोज सकाळी तासांचा आकडा लिहावा, आणि रात्री काही अडचण आली असेल तर एक शब्द: ‘सर्दी’, ‘लाइट’, ‘पाहुणे’. महिन्याने ते पान घेऊन यायला सांगावे. पहिल्या दिवशी लिहून ठेवलेली रुग्णाची स्वतःची तक्रार त्याच वेळी बाहेर काढून विचारावी, ‘रात्री चार वेळा उठायचात, आता किती वेळा?’

घरातली माणसे

पत्नी किंवा पती सोबत असल्याशिवाय पहिली बैठक घेऊच नये, असे माझे मत आहे. मात्र घरच्यांना पहारेकरी करू नये. रोज रात्रीची विचारपूस आठवड्याभरात भांडणाचे रूप घेते. त्यांना नेमके काम द्यावे: सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवणे, रात्री मास्क बाजूला पडलेला दिसला तर न बोलता हातात देणे, आणि बदल दिसला तर तो बोलून दाखवणे. लहान मुले मास्क पाहून घाबरतात; दिवसा त्यांना तो हाताळू द्यावा.

स्त्रियांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांच्या बाबतीत घोरण्यापेक्षा थकवा, निद्रानाश आणि डोकेदुखी पुढे येते, त्यामुळे निदान उशिरा होते, आणि झाल्यावरही यंत्राच्या खर्चाला ‘आता कशाला’ म्हणणाऱ्या त्या स्वतःच असतात. सासरच्या माणसांसमोर, पाहुणे आलेले असताना, मास्क लावून झोपण्याचा संकोच हे यंत्राचा वापर बंद करण्याचे मोठे कारण आहे आणि ते आपणहून सांगितले जात नाही. एकांतात विचारावे.

खर्च, वीज, पाणी, प्रवास

शक्य असल्यास यंत्र आधी महिनाभर भाड्याने घेऊ द्यावे. मास्क मात्र स्वतःचा असावा. केंद्र सरकारच्या सीजीएचएस (कर्मचारी व निवृत्तांसाठीच्या आरोग्य) योजनेतील लाभार्थ्यांना यंत्राची प्रतिपूर्ती मिळू शकते, इतरांनी विमा कंपनीला आधी लेखी विचारावे. वापरलेले यंत्र घेत असल्यास त्याचा दाब डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे नव्याने बसवून घ्यावा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणारा फोम झिजत असल्याच्या कारणावरून जगभरातून लाखो यंत्रे परत मागवली होती, त्यामुळे जुन्या यंत्राचा क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वीज जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टरची सोय पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावी. सर्वांत जास्त वीज ह्युमिडिफायर तापवायला लागते, तो बंद ठेवला तर बॅटरी कितीतरी अधिक वेळ पुरते. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालावे, ते रोज बदलावे. नळाच्या पाण्याने तळाला पांढरा थर बसतो. टाकी आणि नळी आठवड्यातून एकदा धुवावी, फिल्टर त्याच दिवशी पाहावा. डेटॉल किंवा स्पिरिट मास्कला लावू नये. रेल्वेच्या रात्रीच्या प्रवासात डब्यातील चार्जिंगच्या जागेवर विसंबू नये. विमानात यंत्र हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे. आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना ॲप्नियाची कल्पना देऊन यंत्र रुग्णालयात सोबत न्यावे, ही सूचना लेखी द्यावी. झोपण्याआधीची दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेली झोपेची गोळी घसा आणखी सैल करते. ट्रक, एसटी किंवा रिक्षा चालवणाऱ्याला तर हे निक्षून सांगावे की ज्या रात्री यंत्र लावले नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी पेंग येत असल्यास स्टिअरिंगवर बसायचे नाही.

एवढे करूनही काहींना सीपॅप जमत नाही. अशांना ‘सहकार्य न करणारा’ असा शिक्का मारून सोडू नये. सौम्य किंवा मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे उपकरण, उताणे झोपल्यावरच त्रास होणाऱ्यांना कुशीवर झोपण्याचे उपाय, वजन उतरवणे, निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत, आणि त्यांची चर्चा तज्ज्ञांकडे व्हावी.

कपाटावर गेलेले यंत्र वर्षाने पुन्हा खाली काढणारेही असतात. बहुधा एखादी पेंग महागात पडलेली असते. तेव्हा मागचे काही उगाळू नये. फिल्टर नवा घालावा, मास्कची गादी कडक झाली असेल तर बदलावी, वजनात फरक पडला असेल तर दाब पुन्हा तपासून घ्यावा, मास्क पुन्हा दिवसा, हातात धरूनच लावून पाहावा. पण या सगळ्याच्या आधी रुग्णाला बसवून विचारावे की ज्या रात्री शेवटचे लावले होते, त्या रात्री नेमके काय झाले होते.